नेपाळची राजेशाही, चार संध्याकाळी : रत्नागिरीतील एका अभ्यासवर्गाविषयी

गेल्या नोव्हेंबरात रत्नागिरीतील एका वाचनालयाच्या सभागृहात नेपाळमधील राजेशाहीच्या अंताविषयी चार संध्याकाळींचा अभ्यासवर्ग झाला. शुल्क चारशे रुपये होते आणि त्यात रोजचा चहा व वीस पानांची टिपणवही धरलेली होती. हा विषय येथे कोणी निवडावा याचे काहींना आश्चर्य वाटले, मला वाटले नाही. पावसजवळच्या आमच्या बागेत वीस-बावीस वर्षे नेपाळी माणसे राखणीला येत आहेत, मिरकरवाड्याच्या बंदरात कितीतरी नौकांवरचे खलाशी नेपाळी आहेत, आणि तरीही त्यांच्या देशात राजा होता कधी आणि गेला कसा हे आपल्यापैकी बहुतेकांना सांगता येणार नाही. त्यामुळे पैसे भरून मी चारही दिवस बसलो. पुढच्या वेळी हा वर्ग पुन्हा भरणार असल्याचे कळल्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

पहिली संध्याकाळ फसली, हे आधीच सांगतो. वक्त्यांनी सुरुवात ब्रह्मदेशाच्या थिबा राजापासून केली. रत्नागिरीत बसून पदच्युत राजाविषयी बोलायचे म्हणजे हा मोह होणारच. पण इंग्रजांनी १८८५ च्या युद्धात मंडाले घेतले, राजाला उचलून पुढच्या वर्षी येथे आणून ठेवले आणि १९१६ साली तो येथेच वारला, या सगळ्यात ब्रह्मदेशाच्या प्रजेने त्याला काढले असे कोठेच नाही. तोफा परक्यांच्या होत्या. कोकणातलाच दाखला हवा होता तर जंजिऱ्याचा घ्यायचा. मोहन धारियांसारखे तरुण ज्या लढ्यात उतरले होते, त्या लढ्यामुळे जानेवारी १९४८ च्या अखेरीस सिद्दी नवाबाची सत्ता संपली. प्रजेच्या रेट्याने गादी जाणे म्हणजे काय, हे त्या उदाहरणावरून श्रोत्यांना चटकन उमगले असते.

त्याहून मोठा दोष कारणांच्या मांडणीत होता. १ जून २००१ च्या रात्री नारायणहिटी राजवाड्यात युवराज दीपेंद्र यांनी राजे बीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि कुटुंबातील इतरांवर गोळ्या झाडल्या, या घटनेला पहिल्या दिवसाची जवळजवळ चाळीस मिनिटे दिली गेली. श्रोते श्वास रोखून ऐकत होते, हे खरे. बेशुद्धावस्थेतील दीपेंद्रांनाच राजा घोषित करावे लागले, ४ जूनला त्यांचा मृत्यू झाला आणि बीरेंद्रांचे बंधू ज्ञानेंद्र गादीवर आले. या ज्ञानेंद्रांना लहानपणी, १९५० च्या नोव्हेंबरात आजोबा त्रिभुवन भारतीय वकिलातीत आश्रयाला गेले असताना राणा पंतप्रधानांनी काही आठवडे राजा केलेच होते, म्हणजे हा गृहस्थ दोनदा राजा झाला, हा तपशील वक्त्यांनी फार चांगला रंगवला. परंतु हत्याकांडाने राजघराण्यावरची श्रद्धा उडाली एवढेच त्यातून कळते. रोल्पा, रुकुम, गोरखा या जिल्ह्यांत माओवाद्यांनी १३ फेब्रुवारी १९९६ रोजी युद्ध पुकारले, ते हत्याकांडाच्या पाच वर्षे आधी. ते कशामुळे, याचे उत्तर पहिल्या संध्याकाळी मिळाले नाही.

माझ्या मते ती सुरुवात १९५१ पासून व्हायला हवी होती. शंभरहून अधिक वर्षे चाललेली राणांची वंशपरंपरागत पंतप्रधानकी त्या वर्षी मोडली आणि फेब्रुवारीत दिल्लीहून परतलेल्या राजे त्रिभुवन यांनी प्रजेला शब्द दिला की लोकांनी निवडलेली संविधान सभा राज्यघटना तयार करील. ती सभा प्रत्यक्षात बसली २००८ साली. मधल्या सत्तावन्न वर्षांत जे झाले, त्यातले बहुतेक या न पाळलेल्या शब्दाभोवती फिरते. १९५९ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नेपाळी काँग्रेसला १०९ पैकी ७४ जागा मिळाल्या आणि बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. दीड वर्षांत, १५ डिसेंबर १९६० रोजी, त्रिभुवन यांचे पुत्र राजे महेंद्र यांनी सरकार बडतर्फ करून कोइरालांना तुरुंगात टाकले, तेथे ते आठ वर्षे राहिले. पक्षांवर बंदी घालून पंचायत व्यवस्था, म्हणजे राजाच्या हाती सत्ता ठेवणारा पक्षविरहित कारभार, आणली गेली आणि ती तीस वर्षे टिकली. हा सगळा काळ टिपणवहीत अर्ध्या पानात उरकला आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र वक्त्यांची पकड दिसू लागली. १९९० चे पहिले जनआंदोलन, दरबार मार्गावरचा ६ एप्रिलचा गोळीबार, दोन दिवसांनी उठलेली पक्षबंदी आणि नोव्हेंबरात आलेली राज्यघटना हा क्रम त्यांनी नीट लावला, आणि त्या घटनेतील पोकळ जागेवर नेमके बोट ठेवले. घटनेने राजाला घटनात्मक प्रमुख केले, पण घटना लिहिली ती नेमलेल्या आयोगाने, जाहीर केली ती राजाने, आणि सैन्य प्रत्यक्षात राजवाड्याकडेच राहिले. डोंगराळ जिल्ह्यांत माओवाद्यांच्या हल्ल्यांपुढे पोलीस चौक्या पडत असताना निवडून आलेल्या सरकारला स्वतःचे सैन्य वापरता येत नव्हते. ते बराकीबाहेर पडले २००१ च्या नोव्हेंबरात, माओवाद्यांनी दाङ येथे सैन्यावरच हल्ला केल्यानंतर आणीबाणी लागली तेव्हा. माओवादी नेते बाबुराम भट्टराई यांनी युद्धापूर्वी सरकारला दिलेल्या चाळीस मागण्या वक्त्यांनी वाचून दाखवल्या. कसेल त्याची जमीन, मुलीला मुलाइतका वारसा, अस्पृश्यतेचा अंत, धर्मनिरपेक्ष राज्य, राजघराण्याच्या खास सवलती रद्द, आणि लोकप्रतिनिधींनी लिहिलेली नवी घटना. मुदत १७ फेब्रुवारीची दिली होती, युद्ध चार दिवस आधीच सुरू झाले. पश्चिम तराईतील (भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यातील) कमैया, म्हणजे कर्जापायी जमीनदाराकडे पिढ्यान्पिढ्या बांधली गेलेली थारू कुटुंबे, कायद्याने मोकळी झाली ती जुलै २००० मध्ये, हे ऐकल्यावर शेजारच्या खुर्चीवरचे निवृत्त तलाठी पुटपुटले, "आपल्या कुळकायद्यानंतर किती वर्षांनी बघा."

१ फेब्रुवारी २००५ चा प्रसंग येथे थोडा विस्ताराने सांगावासा वाटतो, कारण तो मी बागेतून पाहिला आहे. त्या मंगळवारी सकाळी राजे ज्ञानेंद्र यांनी भाषण करून सरकार बरखास्त केले, सत्ता हाती घेतली, पुढाऱ्यांना घरात डांबले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवला. आणि भाषण संपताच देशातील दूरध्वनी व इंटरनेट बंद झाले. बागेत तेव्हा मोहोर होता, काही कलमांना कण्या, म्हणजे अगदी बारीक फळे, धरल्या होत्या. आमच्याकडचे दोघे भाऊ रोज संध्याकाळी दीड मैल चालून नाक्यावरच्या एसटीडी बूथवर जात, पाळीने आकडे फिरवत आणि परत येत. बूथवाल्याने दुसऱ्या दिवसापासून त्यांना नुसते प्रयत्न करण्याचे पैसे लावणे सोडून दिले. आठवडाभराने फोन लागला तेव्हा धाकट्याने आईशी बोलणे झाल्यावर रिसीव्हर खाली ठेवण्याआधी त्याला कपाळ लावले होते.

त्यांच्यातला थोरला या अभ्यासवर्गाला माझ्याबरोबर आला होता. दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरांत तो उठून म्हणाला, "सर, आमचा फोन सात दिवस बंद होता. ते पण सांगा." वक्त्यांनी मान डोलावली आणि वेळ संपल्याचे सांगितले. संयोजकांनी या एका गोष्टीचा गांभीर्याने विचार करावा. मागच्या दोन रांगांत बागांतली आणि बोटींवरची दहा-बारा नेपाळी माणसे चारही दिवस बसून होती, आणि त्यांच्यापैकी कोणालाही पाच मिनिटे बोलू दिले गेले नाही.

तिसरी संध्याकाळ ही या वर्गाची खरी किंमत आहे. आंदोलनाला बळ कशाने आले, हे वक्त्यांनी आधी स्पष्ट केले. राजाने संसदीय पक्ष आणि माओवादी दोघांनाही एकाच वेळी शत्रू केले, तेव्हा एकमेकांवर अजिबात विश्वास नसलेले हे दोघे २२ नोव्हेंबर २००५ रोजी दिल्लीत बारा कलमी समझोत्यावर आले. संसदीय बाजूच्या सात पक्षांना संविधान सभेची मागणी मान्य करावी लागली, माओवाद्यांना बहुपक्षीय लोकशाही. फेब्रुवारी २००६ मध्ये राजाने घेतलेल्या नगरपालिका निवडणुकांवर पक्षांनी बहिष्कार टाकला आणि जेमतेम वीस टक्के मतदान झाले. मग ६ एप्रिलपासून चार दिवसांचा बंद पुकारला गेला. १९९० च्या आंदोलनाचा निर्णायक टप्पाही याच तारखांचा. माओवाद्यांनी तत्पूर्वी काठमांडू खोऱ्यापुरता शस्त्रसंधी जाहीर केला होता, ही गोष्ट लहान वाटते, परंतु रस्त्यावर उतरणाऱ्या सामान्य माणसाला तिच्यामुळेच धीर आला.

चार दिवसांचे एकोणीस दिवस कसे झाले, हे समजावण्यासाठी वक्त्यांनी फळ्यावर खडूने एक वर्तुळ काढले. काठमांडूभोवती सुमारे सत्तावीस किलोमीटरचा चक्राकार रस्ता आहे. सरकारने त्याच्या आत संचारबंदी लावली. त्यामुळे शहरातली माणसे आतून आणि खोऱ्यातल्या गावांतली बाहेरून या रस्त्यावर येऊन भिडू लागली. कलंकी, गोंगबू, चाबहिल ही नाकी रोज भरत गेली, आणि राजवाडा मधोमध वेढल्यासारखा झाला. सैन्याला एकाच चौकात गर्दी पांगवण्याची सवय असते, येथे वर्तुळभर चौक होते. डॉक्टर, वकील, पत्रकार आधीपासून होतेच, पुढे सरकारी नोकर निघाले आणि खुद्द गृहमंत्रालयातले कर्मचारीही पकडले गेले. १४ एप्रिलला नेपाळी नववर्ष २०६३ लागले आणि राजाने शुभेच्छांबरोबर संवादाचे आवाहन केले, त्याला कोणी दाद दिली नाही. २० तारखेला कलंकीला गोळीबारात माणसे मेली. त्याच सुमारास भारताने दूत म्हणून करण सिंग यांना पाठवले होते. ते स्वतः जम्मू-काश्मीरच्या शेवटच्या महाराजांचे पुत्र आणि राणा घराण्याचे जावई, हे वक्त्यांनी सांगताच सभागृहात हशा पिकला. २१ तारखेला राजाने पंतप्रधानाचे नाव सुचवा म्हटले. दिल्लीने त्याचे स्वागत केले, लोकांनी केले नाही, आणि दिल्लीला आपले म्हणणे एक-दोन दिवसांत फिरवावे लागले. २४ एप्रिलच्या मध्यरात्रीच्या सुमारास राजाने २००२ मध्ये विसर्जित झालेली प्रतिनिधिसभा पुन्हा स्थापन केली. दुसऱ्या दिवशीचा नियोजित महामोर्चा विजययात्रा होऊन निघाला.

एप्रिल म्हणजे आमच्याकडे हापूसची ऐन तोड. त्या एकोणीस दिवसांत आमच्या खोपीच्या वाशाला ट्रान्झिस्टर टांगलेला असे आणि बीबीसीच्या नेपाळी बातम्यांच्या वेळी आंबे तोडायचा झेला खाली ठेवून सगळे तेथे जमत. पेट्या भरायला उशीर होतो म्हणून मी एकदा रागावलो होतो, हे आता लिहिताना बरे वाटत नाही. फळ्यावरचे वर्तुळ पाहिल्यावर थोरला माझ्या कानाशी म्हणाला, "काका, कलंकीवरूनच आमची बस सुटते."

चौथ्या दिवशी घाई झाली. १८ मे २००६ च्या घोषणेने सैन्याच्या नावातला 'शाही' शब्द गेला, राजाचे सरकार अशा अर्थाचे 'श्री ५ को सरकार' जाऊन 'नेपाल सरकार' आले आणि राज्य धर्मनिरपेक्ष झाले; नोव्हेंबरात शांतता करार; २८ मे २००८ रोजी संविधान सभेच्या पहिल्याच बैठकीत ५६० विरुद्ध ४ मतांनी प्रजासत्ताक; ११ जूनला ज्ञानेंद्र मुकुट व राजदंड सोपवून नारायणहिटीतून बाहेर पडले. रक्त न सांडता राजा महालातून निघाला आणि देशातच राहिला, यावर वक्त्यांनी भर दिला तो योग्यच; मात्र त्याआधीच्या दहा वर्षांच्या युद्धात तेरा हजारांहून अधिक माणसे गेली होती, हा आकडा त्याच वाक्यात यायला हवा होता. २००७ च्या सुरुवातीला तराईत मधेशी, म्हणजे त्या सखल भागातल्या, लोकांनी केलेल्या आंदोलनाचा उल्लेखही झाला नाही. वास्तविक राजा दूर झाल्यावर राज्य कोणाचे, हा वाद तेथूनच पेटला.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. चहा चांगला होता. टिपणवहीतील नकाशा छायाप्रतीत इतका काळा झाला आहे की रोल्पा आणि रुकुम एकच डाग दिसतात. पान सातवर ज्ञानेंद्रांना बीरेंद्रांचा मुलगा म्हटले आहे, ही चूक पुढच्या छपाईत दुरुस्त झालीच पाहिजे. चारशे रुपये तिसऱ्या संध्याकाळीच वसूल होतात, तेव्हा ज्यांना चारही दिवस जमणार नाही त्यांनी निदान ती चुकवू नये. थिबा राजाची सुरुवात आणि राजवाड्यातली चाळीस मिनिटे कमी करून तो वेळ १९५१ ला आणि मागच्या दोन रांगांना द्यावा, असे मी संयोजकांना लेखी कळवले आहे. बसायला डावी बाजू घ्यावी. उजवीकडचा पंखा आवाज करतो आणि नेपाळी गावांची नावे त्यात नीट ऐकू येत नाहीत.