सेट-टॉप बॉक्स सोलापुरात, बघणारे न्यू जर्सीत: आठ महिने वापरल्यानंतर

आईबाबा ताईकडे न्यू जर्सीत गेले, म्हणून त्यांच्या सोलापुरातल्या बंद घरातल्या केबलच्या बॉक्सला एक छोटा कॉम्प्युटर जोडून तिथले कार्यक्रम आम्ही रेकॉर्ड करून नेटवरून त्यांना पाठवतो, त्याचा हा अनुभव. एप्रिलमध्ये सलग तीन दिवस आईला तिकडे आपल्या लोकल बातम्यांच्या जागी केबलवाल्याच्या जाहिरातींचा चॅनेल रेकॉर्ड होऊन मिळाला, रोज अर्धा तास, आणि ती काही बोललीच नाही, तिला वाटलं आजकाल बातम्या बंद केल्या असतील. चौथ्या दिवशी फोनवर विषय निघाला. मी भर दुपारी जुळे सोलापुरातनं स्कूटी काढली, सात रस्त्यावरनं भवानी पेठेत आईबाबांच्या घरी गेले, कुलूप उघडलं, बघते तर आयआरचा डोळा परत खाली पडलेला. तिसऱ्यांदा.

डोळा म्हणजे वायरीच्या टोकाला हरभऱ्याएवढा इन्फ्रारेड दिवा. तो सेट-टॉप बॉक्सच्या रिमोट सेन्सरसमोर चिकटवायचा, मग तिकडनं नंबर पाठवला की रिमोटसारखाच चमकतो आणि चॅनेल बदलतो. अख्ख्या सेटअपमधली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळं अडलेलं तिच्यावर. कारण लाइट जाऊन आली की आमचा बॉक्स आधीचा चॅनेल धरून बसत नाही, केबलवाल्याच्या स्वतःच्या जाहिरातींच्या चॅनेलवर जातो, म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या दोन मिनिटं आधी चॅनेल नंबर पाठवावाच लागतो. डोळा पडलेला असला तरी नंबर जातो, बॉक्सला तो दिसत नाही आणि कुठेही एरर येत नाही. रेकॉर्डिंग वेळेवर सुरू, वेळेवर बंद, फाईलचा साइजसुद्धा बरोबर. आत मात्र भलतंच. बाकी कुठली वस्तू बिघडली तर निदान कळतं, ही कळू देत नाही, म्हणून माझा सगळा राग हिच्यावर.

आता हे सगळं कशासाठी ते सांगते. आईबाबा ऑक्टोबरमध्ये सहा महिन्यांसाठी ताईकडे गेले. मालिका ॲपवर मिळतात हे मलाही माहीत आहे, पण आईला पाहिजे आपल्या पेठेतल्या केबलवरचा लोकल चॅनेल, संध्याकाळी साडेसातच्या बातम्या, मग कुठल्या मंगल कार्यालयात काय, कुणाचं पाणी आलं नाही, ते सगळं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत यूट्यूबवर लाइव्ह सापडतं, रोजचं हे सापडत नाही. माझ्याकडे डीटीएच, त्यामुळे बॉक्स माझ्या घरी आणूनही उपयोग नव्हता. केबलचं महिन्याचं भाडं बंद घरासाठी तसंही चालूच राहणार होतं, मग ते वाया का घालवायचं.

पूर्वी ह्या कामाला, म्हणजे घरचा टीव्ही नेटवरून दुसरीकडे बघायला, स्लिंगबॉक्स नावाचा डबा असायचा, अमेरिकेत 2005 ला आला होता, पण 9 नोव्हेंबर 2022 ला त्याचे सर्व्हर कायमचे बंद झाले आणि चांगले चालणारे डबे एका दिवसात निकामी. म्हणून मुलाला म्हटलं, जे करशील ते कुणाच्या सर्व्हरवर अवलंबून नको. त्यानं रास्पबेरी पाय 4 घेतला, म्हणजे खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर, बॉक्सचं चित्र आणि आवाज त्यात घेणारा साडेचारशेचा एव्ही कॅप्चर डोंगल, हा डोळा आणि घरातली जुनी हार्ड डिस्क. नवीन आहे म्हणून पाय 5 घेऊ नका, त्यात व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग, एच.264 चा हार्डवेअर एनकोडर, काढून टाकलाय, ह्या कामाला 4 च बरा पडतो आणि पैसेही वाचतात. एचडीएमआयच्या पण नादी लागू नका, बॉक्सच्या एचडीएमआयला एचडीसीपी म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप असतं, साध्या कॅप्चरवर काळा पडदा येतो. मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनाच कामाला येतात. चित्र 576 ओळींचं, मोठ्या टीव्हीवर थोडं मऊ दिसतं, हलताना कडांना कंगव्यासारखे दाते दिसायचे ते डीइंटरलेस सुरू केल्यावर गेले. आईच्या चष्म्याला चालतंय.

नेटनं पहिला आठवडा खाल्ला. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडला सीजीएनॅट असतं, म्हणजे एकच पब्लिक आयपी कितीतरी घरांत वाटलेला, बाहेरून आपल्या घरात शिरायला दारच नाही. राउटरमध्ये वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा आयपी 100.64 ते 100.127 ह्यात दिसला की पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे राउटरमधनं आत यायला वाट काढण्यात, वेळ घालवू नका. स्टॅटिक आयपीचे पैसे वेगळे सांगितले, ते मला द्यायचे नव्हते. मुलानं उलटं केलं: ताईच्या घरी पब्लिक आयपी आहे, म्हणून सोलापूरचा पायच तिच्या घराला फोन लावतो वायरगार्डवरून, म्हणजे दोन घरांत खाजगी लाइन जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, आणि दर 25 सेकंदाला एक हाक मारत राहतो म्हणजे लाइन तुटत नाही. एक रुपया जास्त लागला नाही, ह्याचं मला अजून कौतुक आहे.

रेकॉर्डिंगबद्दल माझं मत मात्र मधेच बदललं. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होते की रेकॉर्ड तिकडेच करा, ताईच्या लॅपटॉपवर, इकडे फक्त स्ट्रीम सोडा, म्हणजे इकडे डिस्क भरायची भानगड नाही. ते चुकीचं निघालं. मधे नेट पाच सेकंद गेलं तरी तेवढा तुकडा कायमचा गेला, कधी कधी रेकॉर्डिंगच बंद पडायचं. आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार आला, अमेरिकेची घड्याळं एक तास मागे गेली, साडेनऊ तासांचा फरक साडेदहा झाला. आपल्या साडेसातच्या बातम्या तिकडे सकाळी दहाला लागायच्या त्या नऊला लागायला लागल्या आणि लॅपटॉप बिचारा दहालाच उठून साडेआठचं काहीतरी रेकॉर्ड करत बसला. तेव्हापासून रेकॉर्डिंग इकडेच, पायला लावलेल्या डिस्कवर, सोलापूरच्या घड्याळानं, आणि तयार फाईल नंतर तिकडे जाते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं परत पुढे गेली तेव्हा आम्हाला पत्ताही लागला नाही. 2 एमबीपीएसला तासाची फाईल साधारण 900 एमबी होते, 10 एमबीपीएस अपलोड मिळालं तर बारा मिनिटांत पोचते, त्यामुळे नेटची धडधड असली तरी फाईलला धक्का नाही. लाइव्ह बघायचंच असेल तर ते वेगळं चालूच आहे.

गड्ड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. लग्न होऊन भवानी पेठेत आल्यापासून आईची अक्षता, म्हणजे यात्रेतला सिद्धेश्वरांचा लग्नसोहळा, एकदाही चुकलेली नव्हती. 68 लिंगांच्या तैलाभिषेकाच्या दिवशी सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, बाळीवेसेतून निघाले, मी रेकॉर्डिंग लावून मिरवणुकीलाच गेले होते. मधे लाइट गेली. घरी येऊन बघते तर सव्वा तासाची फाईल उघडेचना. आम्ही एमपी4 मध्ये रेकॉर्ड करत होतो आणि त्यात कुठलं चित्र कुठे आहे ह्याची यादी फाईल बंद करताना शेवटी लिहिली जाते, लाइट आधी गेली म्हणजे यादीच नाही, सव्वा तास आहे पण दिसत नाही. मला रडूच आलं, खरं सांगते, कारण आईला मी शब्द दिला होता. रात्री मुलानं सगळं टीएस ह्या दुसऱ्या प्रकारच्या फाईलवर आणलं. टीएस फाईल जिथे तुटेल तिथपर्यंत व्यवस्थित चालते. पाय, राउटर आणि बॉक्स, तिन्हींना मिळून एक छोटा यूपीएस पण घेतला, आधीच घ्यायला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता भर दुपारी, म्हणजे तिकडे रात्रीचे तीन. बाबा म्हणाले उठून लाइव्ह बघू, ताईनं ओरडून झोपवलं. सकाळी सहाला ते उठले तेव्हा फाईल पोचलेली होती. आई अंघोळ करून, हातात अक्षता घेऊन टीव्हीसमोर बसली आणि सत्यम सत्यमला तिनं खरंच टीव्हीवर अक्षता टाकल्या, बाबा मागनं मोठ्यानं हर्र बोला हर्र, नात घाबरून उठली. ताईनं व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. बाराबंदी घातलेली आमच्या गल्लीतली दोन पोरं पण आईनं ओळखली, मऊ चित्रातसुद्धा. माझे सगळे पैसे त्या दिवशी वसूल झाले.

तक्रारी अजून आहेत. बॉक्स एक म्हणजे चॅनेल एकच, हे घेताना कुणी नीट सांगत नाही. आईचं कीर्तन रेकॉर्ड होत असताना बाबांनी तिकडनं मराठी बातम्या लावल्या की पुढचं कीर्तन गेलंच, त्या फाईलमध्ये अर्धा तास कीर्तन आणि वीस मिनिटं राजकारण आहे. मग मुलानं असं केलं की रेकॉर्डिंग चालू असताना तिकडनं नंबर पाठवला तर घेतच नाही, बाबा दोन दिवस रागावले. स्वस्त डोंगलचा आवाज तासाभरात ओठांच्या मागे पडतो, म्हणून अर्ध्या तासानं रेकॉर्डिंग थांबवून परत नवीन सुरू करायचं. बंद खोलीत मार्चपासून पाय तापायला लागला, 80 डिग्रीच्या पुढे तो स्वतःचा वेग कमी करतो आणि चित्र अडखळतं. ॲल्युमिनियमची केस घातल्यावर सुटलं ते.

पण परत त्या डोळ्यावर येते. त्याच्याबरोबर जो दोन्हीकडून चिकटणारा टेप येतो तो सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी नाहीच. बॉक्स स्वतः गरम, खोली गरम, गोंद मऊ होतो, वायरीचं वजन ओढतं, दोन दिवसांत डोळा खाली. पहिल्यांदा पडला तेव्हा चांगल्या कंपनीचा टेप आणला. दुसऱ्यांदा फेविक्विक लावलं, त्यानं बॉक्सच्या काळ्या काचेवर पांढरा डाग पडला, सेन्सरवरच, आणि मग डोळा जागेवर असूनही कधी चॅनेल बदलायचा कधी नाही. डाग हळूहळू पुसून काढावा लागला. मग काचेला लागू नये म्हणून वरनं कागदी टेप, तो एप्रिलमध्ये सुटला. प्रत्येक वेळी जाऊन येऊन बारा-तेरा किलोमीटर.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा दारात केबलचा पोरगा भेटला, दुसऱ्याच कुणाकडे आला होता. त्याला दाखवलं. तो म्हणाला, अक्का, रिमोट तुम्ही बॉक्सला चिकटवून धरता का? सोफ्यावरनंच दाबता ना? मग ह्याला कशाला चिकटवलाय? इन्फ्रारेड म्हणजे उजेडच, समोरून पडला की झालं, दिवा छोटा म्हणून जवळ पाहिजे एवढंच. गच्चीवरच्या दोरीचा लाकडी चिमटा आणला, वायर त्याच्यात धरली, चिमटा एका लाकडी फळीवर खिळ्यानं ठोकला आणि बॉक्ससमोर चार बोटांवर ठेवला. त्याला आता दोन महिने होत आले, मधे पारा चाळीसच्या वर होता, एकदाही चुकलेला नाही. शिवाय मुलानं प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीचा एक फोटो व्हॉट्सॲपवर यायची सोय केली, म्हणजे भलता चॅनेल असेल तर त्याच वेळी कळतं. ह्या दोन गोष्टी कुठल्याच व्हिडिओत सांगितलेल्या नव्हत्या, तिथे सगळे प्रोसेसर आणि बिटरेटवर बोलतात.

आईबाबा एप्रिलअखेर परत आले. मला वाटलं आता हे सगळं काढून ठेवायचं, पण ताईलाच सवय लागलीय, ती सकाळी चहा घेताना भवानी पेठेच्या बातम्या बघते. घरात आता आई टीव्ही बघते आणि एकाच बॉक्सवर दोघींचं जमेना, ताईच्या बातम्या लागल्या की इकडे आईची मालिका जायची. म्हणून दुसरं कनेक्शन घेतलं. केबलचे नियम ठरवणाऱ्या ट्रायनं 2020 मध्ये घरातल्या दुसऱ्या टीव्हीला नेटवर्क फी, म्हणजे कनेक्शनचं मूळ भाडं, पहिल्याच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायची नाही असं ठरवलं होतं, 2024 ला ती मर्यादा काढली, त्यामुळे आता नियम दाखवून काही होत नाही, बोलूनच कमी करावं लागतं. मी पाऊण तास बोलले. दुसऱ्या टीव्हीचे पैसे निम्म्याहून खाली आले आणि ते ताई देणार आहे. जुना बॉक्स आतल्या खोलीत नेला, फळी आणि चिमट्यासकट.