जॉर्जेट हेयरच्या रीजन्सी कादंबऱ्या : काही महिन्यांच्या वाचनानंतर

रीजन्सी म्हणजे इंग्लंडमधली १८११ ते १८२० ही वर्षं. तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला आणि युवराज त्याच्या वतीने कारभार बघू लागला. (इकडे त्याच सुमारास पेशवाई बुडाली.) या काळात घडणाऱ्या हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्यांची वाट हेयरबाईंनी पाडली. काही महिने त्यांचा रतीब लावल्यावर मत असं झालंय, की प्रेमकथा म्हणून वाचाल तर निम्म्यात कंटाळाल. फार्स म्हणून वाचा. कोण कोणाच्या गळ्यात पडणार हे लवकरच कळतं. खरी मजा नियमांना बगल देताना उडणाऱ्या धांदलीची.

त्यामुळे नियम ठाऊक हवेत. एकविशीच्या आतल्यांना पालकांच्या संमतीवाचून लग्न करायचं तर इंग्लंडमध्ये कायदा आडवा येई, स्कॉटलंडमध्ये नाही. म्हणून पळालेली जोडपी सीमेपलीकडचं ग्रेट्ना ग्रीन गाठतात. लंडनमधल्या आल्मॅक्स या उच्चभ्रू नृत्यगृहातल्या बुधवारच्या नाचाची प्रवेशपत्रिका मोजक्या उमराव बायकांच्या हाती. नुसता पैसा असून भागत नसे. करिकल म्हणजे दोनचाकी, दोन घोड्यांची गाडी, आणि ती कोण कशी हाकतो यावर माणसाची किंमत ठरते.

सगळ्यात घोळ नावांचा. ‘द ग्रँड सोफी’तला चार्ल्स रिव्हनहॉल हा लॉर्ड ऑम्बर्स्लीचा मुलगा, पण बापाला किताबाने हाक मारतात, मुलाला आडनावाने. सुरुवातीलाच कागदावर वंशावळ मांडून ठेवा, नाहीतर सारखी मागची पानं चाळावी लागतात.

सुरुवात ‘कोटिलियन’पासून (१९५३) करावी. चिक्कू म्हातारा अट घालतो : माझ्या भावंडांच्या नातवांपैकी कोणाशी लग्न केलं तरच त्याने सांभाळलेल्या किटीला इस्टेट. किटी त्यांच्यातल्याच फ्रेडीला खोट्या साखरपुड्याला तयार करते, लंडन बघायला मिळावं म्हणून. फ्रेडी हुशार नाही, रुबाबदारही नाही. त्याला कळतात ते कपडे आणि रीतिरिवाज. लॉर्ड एल्गिनने ग्रीसमधून आणलेले जगप्रसिद्ध प्राचीन पुतळे बघून त्याची तक्रार काय, तर यांना डोकी नाहीत! पण अडचणीच्या वेळी नेमकं काय करायचं हे त्यालाच सुचतं. हेयरबाईंचा हा सगळ्यात भारी नायक.

‘द ग्रँड सोफी’ (१९५०) दुसरी घ्या. आते-मामे भावंडांची जोडी बघून पाश्चात्य वाचक दचकतात, आपल्याकडे त्याचं काही वाटणार नाही. खटकतं ते सावकाराचं प्रकरण. ज्यू माणसाचं इतकं ओंगळ चित्र, तेही महायुद्ध संपून पाच वर्षं झाल्यावर. त्याला सबब नाही. ‘फ्रेडरिका’त (१९६५) लहान भाऊ आणि कुत्रा बाजी मारतात. ‘रीजन्सी बक’ने (१९३५) मात्र सुरुवात करू नका, तिथे माहितीचं ओझं कथेला पेलत नाही. ‘ॲन इन्फेमस आर्मी’त (१९३७) वॉटर्लूची अख्खी लढाई आहे, हलकंफुलकं शोधणाऱ्यांनी ती मागे ठेवावी.

भाषा जड जाते ती तरुण पोरांच्या बोलण्यात. घोडे, मुष्टियुद्ध, दारू, कर्ज यांची तेव्हाची बोली साध्या शब्दकोशात सापडत नाही. दर शब्दाला थांबू नका, संदर्भाने पुढे चला. विनोदाची लय तुटली की प्रसंगच पडतो.

आणि लागोपाठ तीनपेक्षा जास्त नकोत. पस्तिशीचा, गडगंज, सगळ्याला विटलेला नायक चौथ्यांदा भेटला की जांभई येते. मध्ये दुसरं काहीतरी वाचा.