पूरग्रस्तांच्या निवाऱ्यावरचे गार्ड: दर, पाळ्या आणि पूल

दांडिया बाजारातल्या वाडीत पूरग्रस्त कुटुंबांची तात्पुरती सोय केली, तेव्हा बडोद्यातल्याच एका खासगी एजन्सीचे गार्ड लावले होते. माणसं चांगली, नियोजन कच्चं. पाचपैकी तीन गुण.

आधी दराचं. ८ तासांच्या पाळीची मजुरी ५०० रुपये धरा. मालकाच्या वाट्याचा पीएफ खर्चासकट १३ टक्के, ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) ३.२५, बोनस ८.३३, म्हणजे ६२३ झाले. एजन्सीचा १० टक्के आकार मिळवून ६८५ आणि १८ टक्के जीएसटीसह ८०८. हेच कोणी ६०० रुपयांत देत असेल, तर तो १२ तासांची पाळी लावतो किंवा पीएफ बुडवतो. पहाटे गेटवर पेंगणारा गार्ड याच बचतीतून येतो.

गेटवर चोवीस तास माणूस हवा तर आठवड्याचे १६८ तास होतात. एक गार्ड ४८ तास करतो, म्हणजे साडेतीन माणसं लागतात. एजन्सीने तीनच दिली. बायकांच्या खोल्यांकडे रात्री १० ते ६ एकच महिला गार्ड होती, बदली कोणी नाही. तिच्या सुट्टीच्या रात्री गेटवरचा पुरुष तिकडे उभा केला, त्यामुळे गेट उघडं आणि बायकांना संकोच. हे चालणार नाही. दोन महिला गार्ड करारातच लिहून घ्या.

बडोद्यात आणखी एक अडचण आहे, पुलांची. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६ फूट आहे. पूल बंद झाले की नदीपलीकडच्या अकोट्याकडचा गार्ड दांडिया बाजारात पोचत नाही, शिवाय त्याचं स्वतःचं घरही पाण्यात असू शकतं. म्हणून निवारा ज्या काठावर, गार्डही त्याच काठावरचे मागा आणि पहिले दोन दिवस एक जादा माणूस वाडीतच मुक्कामी ठेवा. त्याच्या जेवणा-झोपण्याची सोय आपण करायची.

कौतुक करावं असंही आहे. गेटच्या वहीत रहिवाशांचं फक्त नाव आणि वेळ लिहीत, दर फेरीला आधार कार्ड मागत नसत. घर बुडालेल्या माणसाला संशयिताची वागणूक मिळू नये, हे त्या गार्डना न सांगता कळलं होतं.

बिलात सुपरवायझरचा वेगळा आकार होता, तो मात्र काढायला लावा. दिवसातून एक फेरी मारून सही करणं एवढंच त्याचं काम. त्या पैशांत संडासाच्या वाटेवर इन्व्हर्टरवरचे दिवे लागतात. कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, तळमजल्यावर ठेवू देऊ नका, तिथे पाणी शिरतं.

करार ७-७ दिवसांचा करा, कुटुंबं घरी परतली की पाळ्या लगेच कमी करता येतात. खासगी सुरक्षा एजन्सी कायदा, २००५ खालचा परवाना आधी पाहा. बिल हजेरीपत्रकाशी ताडून पाहा आणि पीएफ-ईएसआयची चलनं हातात आल्यावरच शेवटचा हप्ता द्या.