डीसीआयएस: पेशी सुट्या कराव्यात की नळी जागेवरच कापावी?

डीसीआयएस, म्हणजे दूधनलिकेबाहेर न पडलेला स्तनाचा कर्करोग. एकाच नळीतही जनुकीय बदल वेगवेगळे असलेले पेशींचे गट असतात. ते ओळखायचे दोन मार्ग: पेशी सुट्या करून एकेक तपासणं, किंवा नळी लेझरने जागेवरच कापून तिचा डीएनए तपासणं.

पेशी सुट्या करायला ताजा तुकडा लागतो. कोलॅजिनेजमध्ये (पेशींना धरून ठेवणारं प्रथिन विरघळवणारं विकर) ३७ अंशांवर जास्त वेळ राहिला, की पेशी मरतात आणि उरलेल्यांत ताणाची जनुकं चालू होतात. निकालात मग तीच दिसतात. लहान गट मात्र इथेच सापडतात. खरी अडचण वेगळीच: ही गाठ बहुधा हाताला लागत नाही, मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक कण तेवढे दिसतात. त्यामुळे निदानासाठी सगळाच तुकडा फॉर्मालिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) जातो आणि मग मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवला जातो.

लेझर मायक्रोडिसेक्शनला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली लेझरने हवा तो भाग कापून घेण्याला, तोच मेणातला ब्लॉक चालतो. साधारण १० मायक्रॉनचे काप, प्रत्येक नळी वेगळ्या ट्यूबमध्ये. पेशींची जागा कळते, पण शेकडो पेशींचा डीएनए एकत्र येऊन लहान गट सरासरीत बुडतो. फॉर्मालिनमुळे डीएनएच्या अक्षरांत ‘सी’च्या जागी खोटा ‘टी’ही दिसतो. जुने ब्लॉक असतील तर हीच पद्धत घ्यावी.