चढाला बंद पडणारी सुमो आणि कधीच न उघडलेल्या पंपाचं बिल

जुनी डिझेल गाडी चढाला दम टाकत असेल, झटके मारत बंद पडत असेल आणि थोडा वेळ उभी केली की काही झालंच नाही अशी चालू होत असेल, तर कुणाला डिझेल पंपाला, म्हणजे नोझलमधून इंजिनात डिझेल फवारण्यासाठी दाब देणाऱ्या पंपाला, हात लावू देण्याआधी हे वाचा. आमच्या घरचे 21,500 रुपये यात गेले. ज्या कामाचे पैसे दिले, ते काम झालेलंच नव्हतं.

गाडी 2004 ची सुमो, मेकॅनिकल पंपाची. घर सातारा जिल्ह्यात मेढ्याजवळ. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती जिवापाड जपलीय. 2019 ला पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत पासिंग करून घेतली, पाच वर्षांनी परत केली. पावसाळा संपला आणि तक्रार सुरू झाली. सपाटीला गाडी ठणठणीत, पण केळघरचा घाट लागला की अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी पिकअप नाही. दोनचार झटके आणि बंद. कडेला घेऊन थांबलं की अर्ध्या सेल्फमध्ये चालू. सातारला जाईपर्यंत पुन्हा काही नाही.

हायवेला लागून असलेल्या एका गॅरेजमध्ये अण्णांनी गाडी दाखवली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान दिला आणि सांगितलं, "काका, गरम झाल्यावर बंद पडते ना? मग पंप गेलाय. पंप-नोझल दोन्ही करायला लागतील. घाटात बंद पडली तर ब्रेक लागायचे नाहीत, सांगून ठेवतो." यातली भीती खरी आहे. इंजिन बंद पडलं की ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो, मग पेडल दगडासारखं होतं. गाडीत घरची माणसं घेऊन घाट उतरणाऱ्याला हे ऐकवल्यावर तो काय करणार? पंपाचे 14,500 आणि नोझलचे 7,000 अण्णांनी रोख मोजले. ट्रेमध्ये काळे पडलेले नोझल दाखवून "हे तुमचे जुने" म्हणाले. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर दोन ओळी.

गाडी चांगली चालली. अण्णा खूश. मग एका सकाळी परत तेच. पुन्हा गॅरेज गाठलं तर म्हणे, "पंप केला म्हणून एवढी तरी चालली. आता कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन काम करावं लागेल." आकडा सांगितला 70,000. तेव्हा अण्णांनी मला पुण्याला फोन केला. आवाज पडलेला होता. गाडी मोडीत काढू का, असं विचारत होते.

अधूनमधून होणारा बिघाड फसवणाऱ्याच्या पथ्यावर पडतो, तो असा. कायमचा बिघाड असेल तर काम झालं की नाही हे गॅरेजच्या दारातच कळतं. हा बिघाड आपोआप जातो आणि आपोआप येतो. नुसतं बॉनेट उघडून लावलं तरी त्यानंतर गाडी चांगली चालू शकते आणि श्रेय त्या माणसाला जातं. परत बिघडली की तो पुढचा, अजून महागडा भाग दाखवतो. मला या प्रकाराची विलक्षण चीड आहे, कारण यात गिऱ्हाइकाला फसल्याचंही कळत नाही. ते गाडीलाच दोष देत बसतं.

साताऱ्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे आम्ही गाडी नेली. त्यांनी पान्हा उचलण्याआधी अण्णांना प्रश्न विचारले. बंद पडताना मागून काळा धूर येतो का? नाही. हे महत्त्वाचं होतं. काळा धूर येऊन ताकद जात असेल तर हवा कमी पडतेय किंवा नोझल गळतोय. धूर नाही आणि ताकद जातेय, म्हणजे डिझेलच पोचत नाही. पुढचा प्रश्न, सकाळी थंड इंजिनवर बंद पडलीय का? पडली होती, यवतेश्वरच्या चढाला, आणि तो चढ सातारा सोडल्या सोडल्या लागतो. सातारला मुक्काम करून सकाळी निघालं की तिथवर इंजिन तापलेलंही नसतं. मिस्त्री म्हणाले, "अण्णा, झिजलेला पंप गरम झाल्यावर त्रास देतो. तापलेलं डिझेल पातळ होऊन आतल्या आत गळतं. मग सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, अन् पंपावर ओलं फडकं टाकलं की गाडी लागते. तुमची तर लगेच लागते. हे पंपाचं लक्षण न्हाई."

मग त्यांनी जे केलं ते प्रत्येक डिझेल गाडीवाल्याने माहीत करून घ्यावं. टाकीकडून येणारा पाइप काढला आणि स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून नवा पाइप जोडला. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडला. कॅन सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधला. मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा टाकला, म्हणजे लाइन हवा घेत असेल तर बुडबुडे दिसतात. गाडीत माणसं भरून यवतेश्वरला नेली. एकदाही दम टाकला नाही. पंप तोच, नोझल तेच, इंजिन तेच, फक्त टाकी बाजूला ठेवलेली. 70,000 चं इंजिन काम तिथेच निकालात निघालं.

टाकी उतरवली. आत डिझेल ओढणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक जाळी असते. तिच्यावर शेवाळासारखा काळा, बुळबुळीत थर आणि त्यात गंजाचे कण. अर्धी टाकी ठेवून गाडी पावसाळाभर उभी राहिली की आत दव धरतं, पाणी तळाला बसतं आणि तिथे ही घाण तयार होते. चढाला इंजिन जास्त डिझेल ओढतं, घाण जाळीला चिकटते, वाट बंद. इंजिन बंद झालं की ओढ थांबते, घाण सुटून खाली बसते आणि गाडी लागते. टाकी धुणं, जाळी, नवा डिझेल फिल्टर आणि मजुरी मिळून 2,200 रुपये झाले. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

पंपाचं कळलं ते त्याच दिवशी. मिस्त्रींनी टॉर्च मारून मला वाकून बघायला सांगितलं. पंप ज्या नटांवर बसतो त्यांच्यावर तेल आणि धुळीचा जुना, कडक झालेला थर होता, सलग, कुठेही न फुटलेला. त्यात एक वाळकं कुसळ रुतलेलं. पंप उतरवायचा तर हे नट फिरवावेच लागतात. नोझलचे पाइप ज्या नटांनी आवळतात तेही गंजून जागच्या जागी होते, पान्ह्याचा एक ताजा ओरखडा नाही. पंप-नोझलचं काम करणाऱ्या दुसऱ्या दुकानातही आम्ही दाखवलं. त्यांनी तेच सांगितलं आणि आपल्या लेटरहेडवर लिहून दिलं.

तुमच्यापैकी कुणाच्या गाडीचा पंप काढायचा ठरलाच, तर आधी त्या नटांचे, पाइपांचे आणि पंपावरच्या नंबरचे फोटो काढा. जुने पार्ट ट्रेमध्ये बघून समाधान मानू नका, घरी घेऊन या. आधी कॅनवर गाडी चालवून दाखवा म्हणा. ज्याला पंपाचं काम खरंच येतं, तो या मागणीवर चिडणार नाही.

गॅरेजवाल्याने पैसे परत द्यायला नकार दिला, वर अण्णांनाच "काका, तुम्हाला गाडीतलं कळत नाही" असं ऐकवलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. आधी माहिती हवी असेल तर 1915 या हेल्पलाइनवर फोन करा. आम्ही सातारच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. सोबत वहीचा तो कागद, नटांचे फोटो आणि दुकानाचं पत्र जोडलंय. प्रकरण चालू आहे म्हणून गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही.