काळा विनोद आणि भरधाव भीती: काही महिन्यांच्या वाचनानंतर

गेले काही महिने वाचन म्हणजे बहुतेक भयकथांची ग्राफिक नॉव्हेल्स (म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या कादंबऱ्या), तीही वेगवान आणि काळ्या विनोदाची. नव्याची नवलाई ओसरली, तरी हात त्यांच्याकडेच जातो.

यांची खरी गंमत पान उलटण्यात आहे. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी दार ढकलतं. पलीकडे काय आहे, ते पान उलटल्याशिवाय कळत नाही. तिथे भूत असेल, किंवा थकलेलं भाडं मागणारं भूत असेल! दचकायच्या तयारीत बसलेला वाचक फिस्सकन हसतो, हसताना बेसावध होतो आणि पुढच्याच पानावर खरा दणका बसतो. सिनेमात हा वेग दिग्दर्शकाकडे असतो. इथे पान आपणच उलटतो, म्हणजे घाबरण्यात आपलाही हात असतो.

म्हणूनच फोनवर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय मी बंद केली. कप, चमचा, बशी अशा तीन शांत चौकटी आणि चौथीत बशीत पडलेला दात. भोवतालची माणसं मात्र गप्पांत दंग. हे सगळं एका नजरेत दिसलं तरच हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. टॅबलेटवर पूर्ण पान ठीक दिसतं, पण समोरासमोरची दोन पानं व्यापणारं चित्र कागदावरच पाहावं.

हे रसायन तसं जुनंच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ईसी कॉमिक्स या प्रकाशनाच्या भयकथा कोट्या करणारे सूत्रधार सांगायचे. मुडदा पडला की वर पांचट विनोद ठरलेला. १९५४ च्या कॉमिक्स कोडने, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवरच घालून घेतलेल्या नियमावलीने, चालती प्रेतं तर हद्दपार केलीच, शिवाय शीर्षकातल्या ‘हॉरर’ शब्दावरही बंदी घातली. (विनोदाला हात लावला नाही, हे त्यातल्या त्यात बरं.)

तक्रार आहे ती लांबत जाणाऱ्या मालिकांबद्दल. रक्ताची सवय होते आणि चित्रकार नुसता लाल रंग वाढवत राहतो. त्याहून वाईट म्हणजे जिवाभावाचं माणूस गेल्यावरही टोमणे मारणारी पात्रं. कुणालाच काही वाटत नसेल, तर मी कशाला घाबरू? आता शक्यतो एका खंडात संपणारीच घेतो. मालिका असेल, तर मेलेला नायक पहिल्यांदा परत येईपर्यंत माझी साथ.