टोकन देण्याआधी बोट क्रेनला टांगून वजन करा (माझे दोन लाख गेले)

आम्ही बडोद्याचे, आमच्या जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात, भरती-ओहोटीत आठ-दहा मीटरचा फरक आणि खाली चिखल, तिथे छोटी बोट ठेवणार कुठे. म्हणून मुंबईतली सेकंडहँड शिडाची बोट बघितली, २६ फुटी, १९८९ ची, लक्षद्वीपला जायचं डोक्यात होतं. दलाल गोड बोलणारा. म्हणे, "साहेब, ती सुहैली बोट ३२ फुटीच होती ना, मुंबईतच बांधली, १९६९ मध्ये जगाला चक्कर मारून आली, ही पण त्याच जातीची." अरे ती जड सागवानी, लांब कीलची (कील म्हणजे तळाखालचा जड कणा), ही हलकी फायबरची! पण तेव्हा मी पाघळलो.

वर स्वतःला शहाणा समजून मी तीन-चार बोटींची तुलना पण केली. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या रेसमध्ये १५ खलाशी गेले, त्यानंतर बोट उलटण्याचा धोका बघायचा एक हिशोब निघाला, पौंडातल्या वजनाला ६४ ने भागायचं, त्याचं घनमूळ काढायचं आणि फुटातल्या रुंदीला त्याने भागायचं, उत्तर २ च्या आत आलं तर बोट खोल समुद्रात बरी. हिची रुंदी ९.३ फूट, वजन कागदावर २९५० किलो, उत्तर १.९९. मी खूश, टोकन दिलं. आता वजन कोणी सांगितलं? दलालानेच.

नंतर सर्व्हेयरने (बोट तपासणाऱ्याने) क्रेनला टांगली तर काट्यावर १९५० किलो. तेच गणित, उत्तर २.२९. आणि सर्व्हेयर म्हणाला ते मला आधी कळायला हवं होतं, की या सूत्राला वजन खाली कीलमध्ये आहे की वर डोलकाठीवर ते कळतच नाही, त्यामुळे उलटलेली बोट सरळ होईल का हे त्यातून समजत नाही, त्यासाठी स्टॅबिलिटीचा कर्व्ह, म्हणजे बोट किती कलली तरी परत सरळ होते ते दाखवणारा आलेख, बघावा लागतो. कीलच्या जोडावर त्याने नख मारलं, रंगाखाली पुट्टी निघाली, बोल्ट गंजलेले.

कॉकपिटमध्ये सीई (युरोपचं सुरक्षेचं प्रमाणपत्र) 'ए' कॅटेगरीची चकचकीत प्लेट होती, म्हणजे ब्यूफर्ट मापावर ८ फोर्सच्या वर वारा आणि ४ मीटरच्या वर लाटा असतील तिथे चालणारी बोट. युरोपात हे सक्तीचं झालं १९९८ मध्ये, बोट १९८९ ची! नंतर तपासून मिळू शकते म्हणा, पण त्याचे कागद मागितले तर दलाल म्हणे आधीच्या मालकाकडे.

टोकन "नॉन-रिफंडेबल", पावतीवर बारीक अक्षरात होतं, मी वाचलं नाही. पांढरी बोट, निळा पट्टा, प्लेटच्या चार स्क्रूंपैकी दोन नवेकोरे, दिसली तर ओळखाल.